काम मिळाले नाही तर बेरोजगारी भत्ता मागावा, की कामच मागत राहावे?

झाडीपट्टीतला वाचक (भंडारा जिल्हा)

धानाची मळणी आटोपली की आमच्या भागातील भूमिहीन कुटुंबाला रोजगार हमीच्या कामाशिवाय गावात दुसरा आधार राहत नाही. मामा (माजी मालगुजारी) तलावातील गाळ काढणे, बोडीचे (लहान तळ्याचे) खोलीकरण, पांदण रस्ता अशी कामे निघाली तर माघापासून तेंदूपत्त्याच्या हंगामापर्यंत घर चालते. ती निघाली नाहीत तर तेलंगणात मिरची तोडायला जावे लागते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावातील अनेक कुटुंबांनी काम मागितले, परंतु मस्टर (कामाचा हजेरीपट) निघालेच नाही. त्यांच्यापैकी कोणीही बेरोजगारी भत्त्याची मागणी केली नाही, कारण ती करता येते हे बहुतेकांना ठाऊक नव्हते आणि ज्यांना ठाऊक होते त्यांना ती निरर्थक वाटत होती.

माझे मत असे आहे की, मागणीनंतर १५ दिवसांत काम मिळाले नाही तर प्रत्येक कुटुंबाने भत्त्याचा लेखी दावा करावा आणि तो फेटाळला गेल्यास वरच्या पायरीवर जावे. २००५ च्या महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या (मनरेगा) कलम ७ नुसार पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरी दराच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यापुढे आर्थिक वर्षाच्या उरलेल्या काळासाठी किमान निम्मा भत्ता देय असतो. महाराष्ट्रात २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता, म्हणजे रोज ७८ रुपये आणि नंतर १५६ रुपये. मजुरीचा पैसा मुख्यतः केंद्राकडून येतो, पण भत्त्याचा पूर्ण बोजा राज्याच्या तिजोरीवर पडतो. काम न देण्याची किंमत राज्याला मोजावी लागावी, म्हणजे ते काम देईल, हाच या तरतुदीचा हेतू आहे. दावेच आले नाहीत तर ही किंमत कोणी मोजायची?

गावातील काही जाणत्या मंडळींना हे पटत नाही. म्हणून विषय येथे मांडतो आहे.

माजी सरपंच (यवतमाळ जिल्हा)

मी या मताच्या विरोधात आहे आणि त्याची कारणे अनुभवातून आलेली आहेत. भत्त्याचा दावा उभा राहतो तो मागणीच्या तारखेवर, आणि ती तारीख नोंदवणे यंत्रणेच्याच हातात असते. भत्त्याचे दावे येऊ लागले, तर मस्टर तयार झाल्याशिवाय मागणी नोंदवायचीच नाही, अशी पद्धत आपोआप रूढ होते. अनेक ठिकाणी ती आजही आहे. कागदोपत्री मागणी आणि काम एकाच दिवशी दिसते, त्यामुळे उशीर दिसत नाही आणि भत्ताही लागू होत नाही. दाव्यांची संख्या वाढवून आपण मजुराची मागणी अधिक अदृश्य करू, अशी मला भीती वाटते.

दुसरे असे की, काम न निघण्याचे मूळ कारण बहुधा ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या ग्रामसभांत दडलेले असते. तेथे आराखड्यात कामे घेतली गेली नाहीत, अंदाजपत्रकांना तांत्रिक मान्यता मिळाली नाही, किंवा सगळा जोर कुशल (साहित्य व कारागिरांच्या) खर्चाच्या कामांवर राहून मजुरी आणि साहित्य यांचे ६० : ४० हे प्रमाण बिघडले, तर फेब्रुवारीत तहसील कार्यालयासमोर बसून उपयोग नसतो. मजुरांची शक्ती मर्यादित आहे. ती ३१२ रुपयांच्या कामासाठी लावावी, ७८ रुपयांच्या भत्त्यासाठी नव्हे.

कलम ९ कडेही दुर्लक्ष करू नये. काम दिल्याची सूचना मिळूनही मजूर १५ दिवसांत हजर झाला नाही, किंवा परवानगीशिवाय सलग आठवड्याहून अधिक गैरहजर राहिला, तर पुढील तीन महिने त्याला भत्ता मागता येत नाही. लग्नसराईत आणि आजारपणात आपली माणसे गैरहजर राहतात, हे आपल्याला माहीत आहे.

मेळघाटातून

आपण दोघेही न मिळालेल्या कामाबद्दल बोलत आहात; मला केलेल्या कामाच्या न मिळालेल्या मजुरीबद्दल बोलायचे आहे. आमच्याकडे धारणी आणि चिखलदरा या दोन्ही तालुक्यांत होळी हा वर्षातील सर्वांत मोठा सण आहे. बाहेर कामाला गेलेली कोरकू कुटुंबे त्यासाठी गावी परततात आणि त्याच सुमारास रोजगार हमीची मजुरी अडकलेली असणे हा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. ज्या बाईने उन्हात माती वाहिली तिला होळीच्या बाजारासाठी उधारी करावी लागत असेल, तर तिला भत्त्याचा कायदा समजावून सांगायला माझी जीभ रेटत नाही.

मस्टर बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी मिळाली पाहिजे. १६ व्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर दररोज ०.०५ टक्के भरपाई लागू होते. सहा दिवसांच्या कामाचे १८७२ रुपये थकले, तर ही भरपाई दिवसाला सुमारे ९४ पैसे होते. महिनाभर उशीर झाला तरी ती २८ रुपयांच्या आसपासच राहते आणि तेवढ्यासाठी तालुक्याला जायचे तर एका वेळचे भाडेच त्याहून जास्त असते. असा हक्क मागण्यासाठी अपील करा, असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. दर वाढवण्याची मागणी आधी झाली पाहिजे.

खरी अडचण परत गेलेल्या पैशांची आहे. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यावरच जमा करण्याची सक्ती झाली. आधार शेवटी ज्या बँक खात्याशी जोडला गेला असेल त्या खात्यात पैसा जातो. अनेक बायकांची एखाद्या शिबिरात दुसऱ्या बँकेत खाती उघडली गेली आणि त्यांना त्याचा पत्ताच नाही. मजुरी जमा झाली असे संगणक सांगतो, पासबुकात काहीच दिसत नाही, आणि बाई आपल्या जुन्या बँकेच्या दारात उभी असते. जॉबकार्डावरील आणि आधारवरील नावात फरक असेल तर प्रकरण आणखी अडते.

ग्रामरोजगार सेवक (गडचिरोली जिल्हा)

माजी सरपंचांनी मागणी न नोंदवण्याची पद्धत सांगितली, ती खोटी नाही, पण तिचे ओझे आमच्यावर टाकू नये, एवढी नम्र विनंती आहे. मागणीचा अर्ज मी घेतो. त्याची संगणकात नोंद तालुक्याच्या ठिकाणी होते आणि ई-मस्टरही तेथूनच निघते. मंजूर काम नसताना मागणी नोंदवली तर वरून विचारणा होते, न नोंदवली तर मजूर आमच्या घरी येतात. आमचे मानधन तुटपुंजे आहे आणि तेही वेळेवर मिळत नाही.

जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाइलवरील ॲपमधून, दिवसातून दोनदा छायाचित्रासह घ्यावी लागते. आमच्या भागातील कितीतरी कामांवर नेटवर्क मिळत नाही. छायाचित्र चढले नाही तर त्या दिवसाची हजेरी लागत नाही आणि मजुराला वाटते की सेवकाने मजुरी बुडवली. उशिराची भरपाई जबाबदार व्यक्तीकडून वसूल करण्याची तरतूद आहे. ती वसुली शेवटी सर्वांत खालच्या माणसाच्या मानधनातून होईल, अशी शंका आमच्यापैकी अनेकांना असते. आपले अर्ज वाढावेत, याला माझा विरोध नाही. ते सेवकाच्या नावाने नव्हे, कार्यालयाच्या नावाने असावेत.

झाडीपट्टीतला वाचक

सेवकभाऊ, आपले म्हणणे मला मान्य आहे आणि त्यातच सरपंचसाहेबांच्या पहिल्या आक्षेपाचे उत्तरही आहे. कायद्याने मागणी ग्रामपंचायतीकडे करता येते, तशीच थेट कार्यक्रम अधिकाऱ्याकडेही करता येते, आणि महाराष्ट्रात कार्यक्रम अधिकारी म्हणजे तहसीलदार. किमान सलग १४ दिवसांच्या कामाची मागणी नमुना ४ मध्ये भरून, सर्वांच्या जॉबकार्ड क्रमांकांसह सामूहिक अर्ज दोन प्रतींत तहसीलच्या आवक शाखेत द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा. शिक्का देण्यास नकार मिळाला तर तोच अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवावा. संगणकात नोंद झाली नाही तरी मागणीची तारीख आपल्या हातात राहते. मागणी अदृश्य होते ती तोंडी केल्यामुळे, दावा केल्यामुळे नव्हे.

ताई, २८ रुपयांचे आपले गणित बरोबर आहे आणि दर वाढला पाहिजे, यात मतभेद नाही. तरी मला भरपाईचा अर्ज महत्त्वाचा वाटतो, कारण अर्ज आला की उशीर कोणत्या टेबलावर झाला याचे लेखी उत्तर कार्यालयाला द्यावे लागते.

कापूस उत्पादक (वर्धा जिल्हा)

शेतकऱ्याची बाजूही नोंदली जावी. वेचणीच्या काळात आम्हाला मजूर मिळत नाहीत. घरी बसून १५६ रुपये मिळणार असतील, तर शेतात कोण येईल? डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी संमत केलेल्या नव्या ग्रामीण रोजगार कायद्यात पेरणी-कापणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची मुभा आहे. ती तरतूद मला योग्य वाटते.

मेळघाटातून

दादा, वेचणीला दिवसाला जे पडते ते १५६ रुपयांपेक्षा कमी असेल तर प्रश्न भत्त्याचा नाही, वेचणीच्या दराचा आहे. शिवाय येथे ज्या दाव्यांची चर्चा चालली आहे, ते उन्हाळ्यातील, म्हणजे कापूस घरात आल्यानंतरचे आहेत.

निवृत्त लेखापाल (अमरावती)

या विषयातील कागदपत्रे हाताळण्यात माझी नोकरी गेली, म्हणून काही गोष्टी सविस्तर सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे भत्ता, उशिराची भरपाई आणि परत गेलेली मजुरी हे तीन वेगळे दावे आहेत. ते एका अर्जात मिसळले की कार्यालय त्यातील सर्वांत सोप्या मुद्द्याचे उत्तर देऊन प्रकरण निकाली काढते. तीन अर्ज करावेत.

भत्त्याच्या अर्जात मागणीची तारीख, पोच, कुटुंबाने त्या वर्षी केलेले दिवस आणि काम न मिळालेला कालावधी एवढेच लिहावे. भत्ता देय झाल्यापासून १५ दिवसांत मिळाला पाहिजे. मात्र त्या वर्षात कुटुंबाचे १०० दिवस भरले असतील, किंवा मजुरी व भत्ता मिळून १०० दिवसांच्या मजुरीएवढी रक्कम झाली असेल, तर केंद्रीय कायद्याखालील दावा संपतो. हे आधी तपासावे, नाहीतर खरे दावेदारही संशयाच्या घेऱ्यात येतात.

उशिराच्या भरपाईत एक जुना वाद आहे. मजुरीचा आदेश तयार होईपर्यंतचा काळ हा पहिला टप्पा, आणि आदेशानंतर पैसा खात्यात पडेपर्यंतचा दुसरा. संगणक बराच काळ पहिल्याच टप्प्याचा उशीर मोजत होता. स्वराज अभियान या संघटनेच्या याचिकेवर १८ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की दुसऱ्या टप्प्यातील उशिराची भरपाईही मजुराला मिळाली पाहिजे. म्हणून अर्जात मस्टर बंद झाल्याची तारीख आणि खात्यात पैसा जमा झाल्याची तारीख, या दोनच तारखा लिहाव्यात. मधल्या तारखा शोधणे हे मजुराचे काम नाही.

तक्रार तहसीलदारांकडे द्यावी. कलम २३ नुसार तिची नोंद करून ती सात दिवसांत निकाली काढायची असते. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर जिल्हा कार्यक्रम समन्वयक म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. जिल्ह्याचे तक्रार निवारण प्राधिकारीही आहेत. दावा नाकारला असेल तर नाकारण्याचे लेखी कारण मागावे आणि ते दिले नाही तर माहितीच्या अधिकारात मागावे. मी पाहिलेल्या नकारांपैकी बरेच कारणाविना होते आणि कारणाविना दिलेला नकार वरच्या पायरीवर टिकवणे कठीण जाते. राज्याच्या मनरेगा आयुक्तांचे कार्यालय नागपुरातच आहे. विदर्भातील मजुराला वरपर्यंत दाद मागण्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, याचा उपयोग आपण फारच कमी करतो.

मेळघाटच्या ताईंना एक सुचवतो. आधार कोणत्या बँकेशी जोडला आहे हे कोणत्याही बँक मित्राकडे (बँकेच्या गावपातळीवरील प्रतिनिधीकडे) पाहता येते. आधी ते तपासून घ्यावे. पैसा दुसऱ्या खात्यात गेला असेल तर तो तेथे सुरक्षित असतो; व्यवहारच नाकारला गेला असेल तर दुरुस्तीनंतर मजुरीचा आदेश पुन्हा काढून मागावा लागतो. या दोन प्रकरणांचे अर्ज वेगळ्या टेबलांवर जातात.

माजी सरपंच (यवतमाळ जिल्हा)

लेखापालसाहेबांची माहिती उपयुक्त आहे आणि थेट तहसीलमध्ये सामूहिक मागणी देण्याची सूचना मी आमच्या ग्रामसभेत मांडेन. तरीही माझे मूळ मत कायम आहे. गावात सामूहिक अर्जावर पहिली सही करणाऱ्याला पुढे घरकुलापासून विहिरीपर्यंत प्रत्येक कामात अडवले जाऊ शकते आणि त्याच्या पाठीशी उभे राहणारे कोणी आहे का, हे आधी पाहावे लागते. नव्या कायद्यात १२५ दिवस आहेत, राज्याचा वाटा ४० टक्क्यांवर गेला आहे आणि भत्त्याचा भारही राज्यावरच आहे. अशा वेळी राज्य मागणी नोंदवून घेण्यात अधिकच हात आखडता घेईल. आराखड्यात कामे असणे हेच मजुराचे खरे संरक्षण आहे.

झाडीपट्टीतला वाचक

राज्याचा हात आखडेल, म्हणूनच तारखेची पोच हातात असावी, असे मला वाटते. पहिल्या सहीची भीती खरी आहे. त्यासाठी अर्ज ग्रामसभेच्या ठरावासोबत जोडावा, म्हणजे तो एका माणसाचा राहत नाही. आराखड्याचे काम ऑगस्टमध्ये करू, पण गेल्या उन्हाळ्यात काम न मिळालेल्यांना त्याचा काय उपयोग? ज्यांच्याकडे मागणीची पोच आहे त्यांचे दावे आम्ही या महिन्यात तहसीलमध्ये देणार आहोत.

मेळघाटातून

आमच्याकडे पोच असलेले कोणीच नाही. आम्ही आधी परत गेलेल्या मजुरीचे अर्ज देऊ आणि भत्त्याचा विचार पुढच्या हंगामात, नमुना ४ च्या दोन प्रती काढल्यानंतर करू. लेखापालकाका, हजेरी ॲपमध्ये छायाचित्र न चढल्यामुळे गेलेल्या दिवसांचा दावा यांपैकी कोणत्या अर्जात बसतो, तेवढे सांगावे. असे दिवस आमच्याकडे सर्वांत जास्त आहेत.

निवृत्त लेखापाल (अमरावती)

तो चौथा अर्ज होईल, ताई. काम झाल्याचा पुरावा म्हणून जॉबकार्डावरील नोंद, सोबतच्या मजुरांचे जबाब आणि मोजमाप पुस्तिकेची नक्कल जोडा. मोजमापात माती निघाली आहे आणि हजेरीत माणूस नाही, ही विसंगती कार्यालयाला लेखी समजावून द्यावी लागेल. सेवकाने त्याच दिवशी नेटवर्क नसल्याचे तालुक्याला लेखी कळवले असेल तर ते पत्रही मागून घ्या. त्यामुळे त्याच्यावरचा ठपकाही टळतो.