मदत हवी आहे: पुढच्या महासाथीसाठी वृद्धाश्रमाचा आराखडा कसा करावा?

ओंजळ

नमस्कार. मी एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापन समितीवर आहे. पुढची महासाथ आली तर आपण काय करायचं, हे लिहून काढायचं काम माझ्याकडे आलंय. मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, आणि जितकं वाचते तितका गोंधळ वाढतोय.

समितीतले काहीजण म्हणतात, अशी साथ शंभर वर्षांतून एकदाच येते. १९१८ नंतर थेट २०२०. पण फ्लूच्या महासाथी १९५७, १९६८ आणि २००९ मध्येही येऊन गेल्याच की! दुसरीकडे, बर्ड फ्लूची कुठलीही बातमी आली की ‘आता आलीच’ म्हणून मला फॉरवर्ड करणारे आहेत. २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू एच५एन१ सापडला, तेव्हापासून तर फारच. नेमकी कोणती बातमी आली की हालचाल सुरू करायची?

मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न दाराचा आहे. मागच्या वेळी आम्ही भेटी पूर्ण बंद केल्या. विस्मरणाचा आजार असलेल्यांना मुलं का येत नाहीत हे समजतच नव्हतं. काहींनी जेवणावरची वासनाच सोडली. तसं पुन्हा करायला माझं मन धजत नाही. पण दार उघडं ठेवून कुणाच्या जिवाशी खेळणंही नको. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

सूक्ष्मदर्शी

शंभर वर्षांचा हिशेब समितीच्या डोक्यातून आधी काढा. एक साथ येऊन गेली म्हणून दुसरी थांबून राहत नाही. धोका दरवर्षी असतो, आणि आपल्या जगण्याच्या पद्धतीने तो वाढवलाय. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाह विषाणू आला तो असा: डुक्करपालनाच्या शेडजवळच फळबागा, तिथे फळं खायला येणारी वटवाघळं, त्यांची उष्टी फळं डुकरांच्या पुढ्यात. वटवाघळांतून डुकरांत, डुकरांतून माणसांत. शंभरावर माणसं दगावली. एकाच ठिकाणी दाटीने ठेवलेले हजारो प्राणी, तुटणारी जंगलं आणि एका दिवसात खंड ओलांडणारा प्रवासी हे तिन्ही आज सगळीकडे आहे.

बातमी वाचताना दोन गोष्टी शोधा. आजार माणसाकडून माणसाकडे साखळीने जातोय का? आणि लक्षणं दिसण्याआधीच पसरतोय का? सार्स या श्वसनाच्या आजाराने २००२-०३ मध्ये लागण झालेल्या साधारण आठ हजारांपैकी ७७४ जणांचा बळी घेतला, म्हणजे दहातला जवळजवळ एक. तरी तो आटोक्यात आला, कारण रुग्ण मुख्यतः आजारी पडल्यावरच संसर्ग पसरवत होते. त्यांना वेगळं ठेवलं की साखळी तुटायची. कोविडचा मृत्युदर त्याहून कितीतरी कमी, पण धडधाकट दिसणारा माणूसही तो पसरवायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२०-२१ या दोन वर्षांत एरवीपेक्षा सुमारे १ कोटी ४९ लाख मृत्यू जास्त झाले.

एच५एन१च्या २००३ पासून नोंदल्या गेलेल्या मानवी रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास दगावले, हे खरं आहे. (सौम्य रुग्ण नोंदलेच जात नाहीत, हेही लक्षात घ्या.) पण तो माणसांमाणसांत टिकून पसरू लागलेला नाही. गायींच्या बातमीवर लक्ष ठेवा, दार लावू नका. माणसांमधल्या साखळीची अधिकृत खात्री झाली की आराखडा त्याच दिवशी उघडा.

शुश्रूषा

मी वृद्धांच्या सेवेतच आहे, म्हणून थोडं कळकळीने लिहिते. बाहेरचा आजार आत येतो तो बहुतेकदा आपल्या कर्मचाऱ्यांबरोबर, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. रजा घेतली की पगार कापला जात असेल, तर ताप अंगावर काढून माणूस कामावर येणारच. आजारपणाची भरपगारी रजा आराखड्यात पहिल्या पानावर लिहा. एकच माणूस दोन-तीन ठिकाणी काम करत असेल, तर साथीच्या काळात त्याला एकाच ठिकाणी पूर्ण वेळ काम मिळेल अशी तजवीज करा. फ्लूची लस दरवर्षी सगळ्यांना द्या. मास्कचा साठा ठेवा, मुदत संपण्याआधी वापरून बदलत राहा.

दाराबद्दल: नेदरलँड्समध्ये मे २०२० मध्ये २६ शुश्रूषागृहांनी प्रत्येक रहिवाशामागे एक ठरलेली व्यक्ती, नियम पाळून, आत येऊ द्यायला सुरुवात केली. पहिल्या काही आठवड्यांत तिथे नवी लागण दिसली नाही, आणि माणसं किती सुखावली! ती शुश्रूषागृहं त्या वेळी साथमुक्त होती, हे मात्र विसरू नका. शक्य तेव्हा भेट मोकळ्या हवेत ठेवा. रहिवाशांचे छोटे गट करा आणि प्रत्येक गटाला तेच ते कर्मचारी द्या, म्हणजे एका गटात लागण झाली तरी सगळं घर बंद करावं लागणार नाही.

ओंजळ

दोघांचे मनापासून आभार. भरपगारी रजेचा मुद्दा आमच्या कुणाच्या डोक्यातही नव्हता. एक शंका: थंडीत खिडक्या बंदच असतात. हवा पुरेशी खेळती आहे हे कसं ओळखायचं? आणि लस तर लवकर येईलच ना?

सूक्ष्मदर्शी

कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र दिवाणखान्यात ठेवा. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत ४२० च्या आसपास असतो. आत आकडा हजाराकडे सरकू लागला की लोक एकमेकांची उच्छ्वासाची हवा घेतायत असं समजा आणि खिडकी उघडा.

लसीच्या भरवशावर पहिले महिने काढू नका. कोविडच्या विषाणूची जनुकीय रचना जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली, ब्रिटनने फायझरच्या लसीला परवानगी दिली ती २ डिसेंबरला, आणि तरीही तो विक्रमी वेग होता. हा काळ शंभर दिवसांवर आणायचे प्रयत्न चालू आहेत. ते साधलं तरी तेवढे दिवस हवा, मास्क आणि रजा यांवरच काढायचे आहेत.

ओंजळ

समजलं. ठरलेली व्यक्ती कोण, हे मुलांनी किंवा समितीने ठरवू नये असं वाटतंय. या आठवड्यात प्रत्येक रहिवाशालाच विचारून नाव लिहून घेते. ज्यांना विस्मरण आहे त्यांच्याबाबत कसं ठरवावं, हे कुणी केलं असेल तर जरूर सांगा.