शनिवारचं वाइन टेस्टिंग, रेड घशाला का धरते?

रत्नागिरीत घराजवळच्या छोट्या वाइन शॉपमध्ये दर शनिवारी चार-पाच वाइन चाखायला देतात, दोनदा गेले पण रेड घेतली की जीभ कोरडी पडते, असं का होतं आणि मग मी कुठली घेऊ?

> ते टॅनिन गं, म्हणजे तुरट द्रव्य, द्राक्षाच्या साली-बियांतून येतं. काजूचा बोंडू खाल्ल्यावर घसा धरतो ना, तसंच. नाशिकची शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन माग, 8-10 डिग्रीला थंड केलेली. तळलेल्या बांगड्यावर लिंबू पिळल्यासारखी लागते, खरंच सुंदर!

> आपल्या उकाड्यात रेडसुद्धा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायला सांगा ताई, 30 डिग्रीला नुसतं अल्कोहोलच नाकात जातं. आणि आधी व्हाइट, मग रोझे (गुलाबी वाइन), रेड शेवटी.

> अत्तर लावून जाऊ नका प्लीज, शेजारच्याला वास कळत नाही.