पती गेल्यानंतर त्यांच्या पेन्शनवर आणि ४०१-केवर न्यू जर्सीच्या स्टेट टॅक्समध्ये सूट कशी घ्यायची?

पिस्कॅटवेकर (प्रश्न)

काकूंसाठी विचारतो आहे. राहणार एडिसन, न्यू जर्सी, वय ६६. काका गेल्या ऑगस्टमध्ये गेले, तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. त्यांच्या मॅनहटनमधल्या कंपनीचं पेन्शन आता सर्व्हायव्हर म्हणून काकूंना येतं, वर्षाला २८,००० डॉलर. काकांचं ४०१-के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) आणि एक जुना आयआरए (स्वतः उघडलेलं निवृत्तीचं खातं) आहे, त्यातून यंदा ५२,००० काढायचा विचार आहे. काकू लायब्ररीत अर्धवेळ काम करतात, त्याचे १९,०००. सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तीवेतन) वेगळी.

१) गेल्या वर्षाचं रिटर्न जॉइंट भरायचं की एकटीचं?
२) पेन्शनची सूट काकांच्या वयावर मिळते की काकूंच्या?
३) एक जण म्हणतात एक लाखापर्यंत सगळं माफ, दुसरे म्हणतात ७५,०००. बरोबर काय?
४) पेन्शनच्या १०९९-आरवर (किती पैसे दिले, किती टॅक्स कापला याचा वार्षिक कागद) न्यूयॉर्कचा टॅक्स कापलेला दिसतो. तो का?

रेडबँक

एक लाखापर्यंत टॅक्स नाही, निश्चिंत राहा.

हिशेबनीस

रेडबँक, ते जॉइंट रिटर्नचं झालं. काकूंना ते फक्त गेल्या वर्षापुरतं लागू आहे.

पिस्कॅटवेकर, क्रमाने घेऊ. ज्या वर्षी मृत्यू झाला त्या वर्षाचं रिटर्न जॉइंट भरता येतं, फेडरलही आणि न्यू जर्सीचं एनजे-१०४०ही. काकांच्या नावावर ‘डिसीस्ड’ आणि तारीख लिहायची. सहीच्या जागी काकूंनी स्वतःची सही करायची आणि काकांच्या जागी ‘फायलिंग ॲज सर्व्हायव्हिंग स्पाउज’ असं लिहायचं. त्या रिटर्नवर पेन्शनची सूट एक लाखापर्यंत. दोघंही ६२ च्या वर होते, त्यामुळे ऑगस्टच्या आधीचे पैसे कुणाचे आणि नंतरचे कुणाचे ही फोड करायची गरज नाही.

यंदापासून स्टेटस ‘सिंगल’, आणि सूट ७५,०००. अवलंबून असलेलं मूल घरात असेल तर पुढची दोन वर्षं ‘क्वालिफाइंग विडो’ हे स्टेटस मिळू शकतं, पण पेन्शनची सूट त्यातही ७५,००० च राहते.

वय काकूंचं धरतात. न्यू जर्सीत ज्याच्या हातात पैसे येतात तो ३१ डिसेंबरला ६२ पूर्ण असावा लागतो, किंवा सोशल सिक्युरिटीच्या व्याख्येनुसार डिसेबल्ड. काकू ६६ च्या आहेत, प्रश्न मिटला. हेच वय ५८ असतं, तर काका कितीही वयाचे असले तरी सूट मिळाली नसती.

आता ज्यावर खरं लक्ष ठेवायचं ते. ही सूट एकूण उत्पन्नावर, म्हणजे एनजे-१०४० च्या २७ व्या ओळीवर अवलंबून आहे. ती ओळ एक लाखापर्यंत असेल तर ७५,००० पर्यंत पूर्ण सूट. १,००,००१ ते १,२५,००० मध्ये सिंगल व्यक्तीला पेन्शनच्या फक्त ३७.५ टक्के. १,२५,००१ ते १,५०,००० मध्ये १८.७५ टक्के. दीड लाखाच्या वर काहीच नाही. २०२१ पासून ही रचना आहे, त्याआधी एक लाख ओलांडले की सूट शून्य व्हायची. जॉइंटवाल्यांना उत्पन्नाच्या याच पायऱ्या आहेत, फक्त टक्के ५० आणि २५. म्हणजे दोघांचं मिळून जे उत्पन्न होतं तेवढंच एकट्या बाईला आलं तर तिला सूट कमी मिळते. या नियमाचा सर्वांत जास्त फटका विधवांना आणि विधुरांनाच बसतो, म्हणून आकडा डिसेंबरच्या आधी मांडून बघायचा, एप्रिलमध्ये नाही.

सोशल सिक्युरिटी न्यू जर्सी धरत नाही, २७ व्या ओळीतही ती येत नाही. नियमात बसणारे रॉथचे (आधीच टॅक्स भरलेल्या पैशांच्या निवृत्ती खात्याचे) पैसेही येत नाहीत.

तुमच्या आकड्यांनी पेन्शन आणि आयआरए मिळून ८०,०००, पगार १९,०००, एकूण ९९,०००. काठावर आहात. एक विचारतो: भारतात एफडी आहेत का?

पिस्कॅटवेकर

हो, पुण्यात एनआरओ आणि थोड्या एनआरई (दोन्ही अनिवासी भारतीयांची खाती). व्याज साधारण २,००० डॉलर. एनआरईचं व्याज टॅक्स-फ्री आहे आणि एनआरओवर बँक टीडीएस कापते, म्हणून ते धरलं नव्हतं.

हिशेबनीस

धरावं लागेल. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आहे, इथे नाही. रहिवाशाचं जगभरचं व्याज एनजे-१०४० वर येतं. टीडीएसचं फेडरल क्रेडिट फॉर्म १११६ वर मिळतं, पण न्यू जर्सी परदेशात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट देत नाही. फक्त दुसऱ्या राज्याला भरलेल्याचं देते.

आता एकूण १,०१,०००. सूट ८०,००० च्या ३७.५ टक्के, म्हणजे ३०,०००. उरले ७१,०००, त्यातून स्वतःचे १,००० आणि पासष्टी पार केल्याचे १,००० वजा, करपात्र ६९,०००. टॅक्स सुमारे २,३२० डॉलर.

आयआरएमधून ५२,००० ऐवजी ५०,००० काढले तर एकूण ९९,०००. सूट पूर्ण ७५,०००, उरले २४,०००, करपात्र २२,०००, टॅक्स ३१५. म्हणजे ते शेवटचे २,००० काढण्याची किंमत २,००५ डॉलर स्टेट टॅक्स. (प्रॉपर्टी टॅक्सची वजावट दोन्हीकडे धरलेली नाही.)

शेअर विकणार असाल तर आणखी एक. न्यू जर्सीत मागच्या वर्षाचा कॅपिटल लॉस पुढे ओढता येत नाही. फेडरल रिटर्नवर जुना तोटा वळता होऊन नफा शून्य दिसतो, आणि एनजेवर तोच नफा पूर्ण उभा राहतो. घर विकायचं असेल तर मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत विका. तोवर पुनर्विवाह केला नसेल तर पाच लाखांपर्यंतचा नफा माफ असतो, नंतर अडीच लाख. वरचा नफा २७ व्या ओळीत येऊन त्या वर्षाची पेन्शनची सूट घालवतो.

डेलावेअरकाठ

न्यूयॉर्कच्या कपातीबद्दल. १९९६ च्या फेडरल कायद्यानुसार राज्याबाहेर राहणाऱ्याच्या पेन्शनवर, ४०१-केवर किंवा आयआरएवर ते राज्य टॅक्स लावू शकत नाही, नोकरी तिथे केली असली तरी. १०९९-आरच्या १४, १५ आणि १६ या चौकटी बघा. तिथे ‘एनवाय’ असेल तर पेन्शन चालवणाऱ्यांच्या नोंदीत राज्य चुकीचं राहिलं आहे, त्यांना एडिसनचा पत्ता लेखी कळवा. कापलेले पैसे आयटी-२०३ (बाहेर राहणाऱ्यांचं न्यूयॉर्क रिटर्न) भरून न्यूयॉर्ककडूनच परत मागायचे, सोबत आयटी-१०९९-आर जोडून. न्यू जर्सीच्या रिटर्नवर त्याचं क्रेडिट घ्यायला जाऊ नका. जो टॅक्स देय नव्हता त्याचं क्रेडिट नाकारतात.

त्याच कागदावर सोशल सिक्युरिटी नंबर कुणाचा आहे तेही बघा. मृत्यूनंतरच्या हप्त्यांचा १०९९-आर काकूंच्या नंबरावर हवा. काकांच्याच नंबरावर येत राहिला तर यंदाच्या सिंगल रिटर्नशी मेळ बसत नाही आणि नोटीस येते.

क्वीन्सवाली

न्यूयॉर्कमध्ये विधवेला काय नियम? पती ६१ व्या वर्षी गेले, पत्नी ५४ ची आहे. बँकवाले म्हणतात आयआरए लगेच स्वतःच्या नावावर रोलओव्हर करा.

हिशेबनीस

ताई, थांबा, सही करू नका. न्यूयॉर्कचा नियम न्यू जर्सीच्या उलट आहे. तिथे २०,००० ची पेन्शन-ॲन्युइटी सूट साडेएकोणसाठीनंतर मिळते, पण वारसाला मिळालेल्या पैशांसाठी वय गेलेल्या माणसाचं बघतात. पती ६१ चे होते, त्यामुळे त्यांच्या आयआरएमधून वारस म्हणून काढलेल्या पैशांवर ५४ वर्षांच्या पत्नीलाही सूट मिळते, आयटी-२०१ (न्यूयॉर्कच्या रहिवाशांचं रिटर्न) च्या २९ व्या ओळीवर. शहराचा टॅक्सही त्याच करपात्र रकमेवर निघतो, म्हणजे दोन्हीकडे फायदा.

त्यासाठी खातं ‘इनहेरिटेड आयआरए’ (वारसाने मिळालेलं खातं) म्हणून ठेवायचं. मग १०९९-आरवर कोड ४ (मृत्यूमुळे मिळालेले पैसे) येतो आणि वेळेआधी पैसे काढल्याचा फेडरलचा १० टक्के दंडही लागत नाही. रोलओव्हर केला की ते पैसे तिचे स्वतःचे झाले. साडेएकोणसाठीपर्यंत दंडही लागेल आणि सूटही जाईल. खर्चाला लागणारी रक्कम इनहेरिटेड ठेवा, बाकीची नंतर हलवता येते.

२०,००० ही मर्यादा त्या एका मृत व्यक्तीच्या नावाची आहे. मृत्यूच्या वर्षी पतींनीच १२,००० ची सूट वापरली असेल तर वारसांसाठी त्या वर्षी ८,००० उरतात. मुलंही वारस असतील तर ज्याला त्या पेन्शन-आयआरएचा जितका वाटा, तितकाच सूटीचा वाटा. पेन्शन न्यूयॉर्क राज्याचं, तिथल्या स्थानिक संस्थेचं किंवा फेडरल सरकारचं असेल तर ही मर्यादा नाही, ते पूर्ण वगळतात.

पिस्कॅटवेकर, तुमच्या काकूंचं मात्र उलट. त्या ६६ च्या, म्हणून रोलओव्हर फायद्याचा. इनहेरिटेड ठेवलं तर आरएमडी (दरवर्षी सक्तीने काढायची किमान रक्कम) चालू राहील आणि एक लाखाच्या आत राहायला हात बांधले जातील. स्वतःच्या आयआरएत घेतलं तर ७३ पर्यंत (जन्म १९६० किंवा नंतरचा असेल तर ७५ पर्यंत) सक्ती नाही. आधी काकांचा मृत्यूच्या वर्षाचा आरएमडी पूर्ण उचलला होता का ते तपासा. राहिला असेल तर तो काकूंनी काढायचा, तेवढी रक्कम रोलओव्हर होत नाही. ४०१-केचे पैसे थेट आयआरए कस्टोडियनकडे (खातं सांभाळणाऱ्या कंपनीकडे) पाठवा. चेक काकूंच्या नावाने निघाला तर २० टक्के फेडरल कापून येतो.

हॅरिसबर्ग

पेनसिल्व्हेनियात कोड ४ वर इन्कम टॅक्स नाही, वारसाचं वय कितीही असो. इलिनॉय वय न बघताच पेन्शन, ४०१-के, आयआरए वगळतं. कॅलिफोर्नियात सोशल सिक्युरिटीवर टॅक्स नाही, पण खासगी पेन्शन, ४०१-के, आयआरएला सूट नाही. म्हणून मुलीकडे किंवा मुलाकडे दुसऱ्या राज्यात राहायला जायचं असेल तर मोठी रक्कम जाण्याआधी काढायची की नंतर, ते आधी ठरवा.

डेलावेअरकाठ

एक मुद्दा राहिला, आणि तो या केसमध्ये मोठा आहे. काकांचा जुना आयआरए. त्यात भरलेल्या पैशांची फेडरलवर वजावट मिळाली असेल, पण न्यू जर्सी आयआरएच्या भरण्याला वजावट देत नाही. म्हणजे त्या पैशांवर न्यू जर्सीचा टॅक्स तेव्हाच भरून झाला आहे. ४०३-बी आणि ४५७ (शाळा, सरकारी नोकरी वगैरेंतली निवृत्तीची खाती) यांचंही तसंच. ४०१-के मात्र १९८४ पासून वगळलेलं आहे, त्याच्यात हा फायदा नाही.

सॉफ्टवेअर फेडरलचा करपात्र आकडा जसाच्या तसा २०ए ओळीवर उचलतं. तो हाताने बदलावा लागतो. आयआरए वर्कशीट सी मध्ये वर्षअखेरीची शिल्लक अधिक यंदा काढलेली रक्कम घ्यायची, आणि आधी टॅक्स भरलेले पैसे तिच्या किती टक्के आहेत ते काढायचं. समजा काकांनी एकूण ३०,००० भरले होते, रोलओव्हर धरून शिल्लक २,४८,००० आणि काढले ५२,०००. बेरीज तीन लाख, त्यात भरणा १० टक्के. म्हणजे ५,२०० डॉलर २०बी ओळीवर जातात, २७ व्या ओळीत येतच नाहीत.

हिशेबनीसांच्या गणितात हे घाला: एफडीचं व्याज धरूनही एकूण ९५,८०० होतं, पूर्ण ५२,००० काढूनही सूट शाबूत राहते आणि टॅक्स २६६. पुरावा म्हणून काकांची जुनी एनजे-१०४० रिटर्न्स, फॉर्म ५४९८ (आयआरएतल्या भरण्याचा कागद) आणि आधीच्या वर्षांच्या वर्कशीट सी लागतील. काकांनी आधीच पैसे काढायला सुरुवात केली होती, तर तेव्हा किती भरणा वळता झाला हे त्या वर्कशीटवरच दिसतं. त्यांनी तो कधीच वळता केला नसेल, तर गेल्या तीन वर्षांतली रिटर्न्स एनजे-१०४०एक्स भरून दुरुस्त करता येतात. मुदत रिटर्न भरल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून सर्वांत जुनं आधी घ्या.