पीटी-१०० सेन्सर बसवल्यापासून दुधाचं तापमान ३-४ अंश जास्त दिसतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमची घरची छोटी डेअरी आहे. जंतू मारायला २०० लिटरच्या टाकीत दूध ६३ अंशांवर ३० मिनिटं ठेवतो. जुना १०के एनटीसी सेन्सर (तापला की विद्युत रोध कमी होणारा) गेला, म्हणून कंट्रोलरसकट पीटी-१०० (तापला की रोध वाढणारा प्लॅटिनमचा सेन्सर) बसवला. केबल मात्र जुनीच: दोन कोर, ०.५ चौरस मिमी, टाकीपासून पॅनेलपर्यंत २० मीटर.

आता मीटरवर ६३ दिसतात तेव्हा काचेच्या थर्मामीटरवर ५९.५च असतात. हे दूध लहान मुलं पितात, त्यामुळे परवा लक्षात आल्यापासून विक्री बंद ठेवली आहे.

ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात सेन्सर बुडवला तर मीटर ३.६ दाखवतो. मल्टिमीटरने सेन्सरपाशी मोजलं तर १०० ओहम, पॅनेलपाशी १०१.४. सेन्सरला लाल, लाल, पांढरी अशा तीन वायरी आहेत. केबलला कोर दोनच, म्हणून इलेक्ट्रिशियनने एक लाल मोकळी सोडून मीटरच्या दोन टर्मिनलांत जंपर (जोडणारा वायरचा तुकडा) टाकला.

सेन्सर खराब आहे का? याच केबलवर एनटीसी ३ वर्षं बिनचूक चालला, मग दोष केबलचा कसा? मीटरमध्ये उणे ३.६ ऑफसेट (कायमची वजावट) टाकून भागेल का?

प्रतिसाद:
सेन्सर ठणठणीत आहे. शून्य अंशाला १०० ओहमच हवेत. केबलचे जाऊन-येऊन ४० मीटर होतात, त्यांचा रोध १.४ ओहम. पीटी-१०० अंशामागे जेमतेम ०.३८५ ओहम बदलतो, म्हणून तेवढ्यानेच ३.६ अंश वाढले. एनटीसी ६३ अंशांच्या आसपास अंशामागे ७५-८० ओहमने उतरतो. त्यात १.४ ओहम कुठे दिसणार?

तिसरी वायर याचसाठी असते. तिच्यावरून मीटर वायरींचा रोध ओळखून वजा करतो. जंपर पॅनेलवरच असल्याने त्याला वजा करायला काही मिळतच नाही. तीन कोरची शिल्डवाली (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) केबल टाका, तिन्ही कोर एकाच जाडीचे हवेत, आणि जंपर काढा.

ऑफसेटवर दूध सोडू नका. केबल २० अंशांनी तापली की तांब्याचा रोध वाढून पाव अंशाहून जास्त फरक पडतो. ओलाव्याने एखादा स्क्रू गंजून ०.१ ओहम वाढला तरी पुन्हा पाव अंश.

मूळ धागाकर्ता:
केबल बदलली. बर्फात आता ०.१ दाखवतोय! मनापासून आभार. शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ करायची का?

प्रतिसाद:
नाही, फक्त पॅनेलकडे. टाकीकडचं टोक टेप लावून मोकळं ठेवा.