'मॅनहंटर' बघावा का?

रातकिडा: 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'ची पारायणं झालीत. मायकेल मानचा 'मॅनहंटर' (१९८६) त्याच्या आधीचा, तो नरभक्षक डॉक्टर लेक्टर त्यातही आहे म्हणे. बघण्यासारखा आहे की नुसताच जुना?

खिडकीशेजारी: डोळे झाकून बघा (म्हणजे उघडे ठेवूनच!). विल्यम पीटरसनचा विल ग्रॅहम, म्हणजे खुन्याचा माग काढणारा एफबीआयचा माणूस, धावपळ कमी करतो. मारल्या गेलेल्या कुटुंबांच्या घरगुती फिल्म्स परत परत बघत बसतो. पोरं, कुत्रं, अंगण. आणि एकदम त्याची ट्यूब पेटते. पुढचं सांगत नाही, सगळी गंमत तिथेच आहे. वाघाचा प्रसंग तर चुकवूच नका: भूल दिलेला वाघ टेबलावर पडलाय, अंध जोन अ‍ॅलन त्याच्या अंगावरून हात फिरवतेय आणि खुनी बाजूला उभा राहून बघतोय. मला त्या खुन्याचीच कणव आली, काय करणार!

चष्मिस: लेक्टरची वाट बघत बसाल तर हिरमोड होईल हं. ब्रायन कॉक्सच्या वाट्याला मोजकेच प्रसंग. पांढरीफटक कोठडी, साधं बोलणं. 'सायलेन्स'मधल्या लेक्टरचा, म्हणजे हॉपकिन्सचा थाट नाही.

खिडकीशेजारी: म्हणूनच मला तो जास्त खरा वाटतो. सिंथेसायझरचा मारा मात्र सोसावा लागेल.

रातकिडा: शनिवारी लावतो.