टेक्स्चर म्हणजे पोत? आणि 'अनरॅप'ला काय म्हणावं?

प्रश्न
नाशिकला मुलांना ब्लेंडर (संगणकावर त्रिमितीय आकृत्या करायचं सॉफ्टवेअर) शिकवते, मराठीतून. पोळ्याच्या निमित्ताने वर्गाने डांगी बैल करायला घेतलाय, इगतपुरी-पेठ-सुरगाण्याकडचा, पांढऱ्या अंगावर काळे डाग असलेला. आकृतीच्या पृष्ठभागावर चढवायच्या चित्राला, म्हणजे 'टेक्स्चर'ला, मी आजवर 'पोत' म्हणत आले. काल एका मुलीने विचारलं, "ताई, डाग म्हणजे पोत कसा? पोत तर हाताला कळतो ना?" मला उत्तर सुचलं नाही. शिवाय 'यूव्ही अनरॅप'ला, म्हणजे रंगवण्यासाठी आकृतीचं कातडं सपाट पसरवण्याला, धड शब्दच सापडत नाही.

उत्तर १
मुलीचं बरोबर आहे. येवल्यात पैठणी घेताना पदर दोन बोटांत धरून बघतात तो पोत. रंग आणि काठावरची नक्षी डोळ्यांनी. जमिनीचा पोतसुद्धा माती चिमटीत घेतल्यावर कळतो. (गळ्यातली पोत वेगळी, ती स्त्रीलिंगी, गोंधळ्याच्या हातातला पेटता पोत आणखी वेगळा.)

घोळ इंग्रजी शब्दाने घातलाय. १९७४ साली संगणकशास्त्रज्ञ एडविन कॅटमुल यांनी प्रबंधात टेक्स्चर मॅपिंग मांडलं, तेव्हा वक्र पृष्ठभागावर चित्र चढवायचं एवढाच तो प्रकार होता. सुरकुत्यांचा आभास आणणारं जिम ब्लिन यांचं बम्प मॅपिंग आलं १९७८ साली. नाव मात्र सगळ्याला एकच राहिलं.

म्हणून बैलाला तीन शब्द लावा. डागांच्या चित्राला नुसतं 'रंग' म्हणा, आणि डागांची ठेवण सांगायची तर 'कबरा', 'बांडा' हे शब्द गोठ्यात आहेतच. गळ्याखालच्या पोळीच्या वळ्या, मानेवरच्या घड्या, केसांची बारीक खरखर म्हणजे नॉर्मल आणि बम्प मॅप (उंचसखलपणाचा आभास आणणारी चित्रं), तो खरा पोत. तिसरी तकाकी, आणि डांगीत हीच सगळ्यांत महत्त्वाची. या जनावराच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे घाटमाथ्याच्या मुसळधार पावसात ते टिकतं. तकाकी ठरवणारा ब्लेंडरमधला आकडा म्हणजे 'रफनेस': ० म्हणजे आरसा, १ म्हणजे पूर्ण निस्तेज; मुलं अख्ख्या बैलाला एकच आकडा देतात आणि बैल प्लास्टिकचा दिसतो. पाठ, ओली नाकपुडी, काळे टणक खूर, पोळ्याला हिंगूळ लावलेली शिंगं, प्रत्येकाची तकाकी निराळी हवी.

उत्तर २
आमच्या घरी शिलाईचं काम आहे, म्हणून 'अनरॅप'ला माझ्या तोंडी पहिला शब्द आला 'उसवणे'. 'सीम'ला शिवण म्हणायचं, मग तीच शिवण उसवून कातडं सपाट अंथरायचं. 'उलगडणे' घडी घातलेल्या वस्तूला शोभतं आणि बैल काही घडी घातलेला नसतो. 'सोलणे' नेमकं आहे, पण पोळ्याच्या बैलाबद्दल मुलांसमोर बोलवणार नाही.

शिवण कुठे टाकायची हेही शिंप्यासारखंच: पोटाखालून, पायांच्या आतल्या बाजूने, जिथे नजर जात नाही तिथे. पाठीच्या मधोमध टाकलीत तर डाग दोन्हीकडून जुळता जुळणार नाहीत.

प्रश्नकर्ती
'उसवणे' ऐकून आधी कचरले. मराठीत उसवतं ते बहुधा नको असताना. पण "टीप उसव आणि परत घाल" असं आईच म्हणायची, तेव्हा पटलं. आज वर्गात वापरला, कुणी अर्थ विचारला नाही.

त्यावरून मुलांनीच पुढचा शब्द काढला. आतून पोकळ सांगाड्यावर कातडं ताणून बसवायचं म्हणजे ढोल मढवायचा, आणि ढोल नाशिकच्या पोरांना सांगायला नको. तर 'टेक्स्चरिंग करणे' म्हणजे मढवणे: बैल आधी उसवायचा, रंगवायचा, मग मढवायचा.

एकच अडलंय. वशिंडावर चढवलेला डाग लांबट होतो, कारण उसवलेल्या तुकड्यात त्या भागाला जागा कमी मिळालेली असते. या 'स्ट्रेच'ला 'ताण' म्हणावं, की शिवणकामात कापडाला 'ओढ बसते' म्हणतात ते घ्यावं? माझा कल 'ओढ'कडे आहे.