टाचेच्या रक्ताची तपासणी आणि सरकारी नवजात तपासणी एकच का?

वसनाकाठ (कोरेगाव, जि. सातारा)

माझी पत्नी पहिल्या बाळंतपणासाठी कोरेगाव तालुक्यातील माहेरी आली असून पुढच्या पंधरवड्यात साताऱ्यातील एका खासगी रुग्णालयात तिची प्रसूती होईल. तेथील दरपत्रकात ‘टाचेच्या रक्तावरून आनुवंशिक आजारांची तपासणी’ अशी एक ओळ असून तिच्यापुढे साडेचार हजार रुपये लिहिलेले आहेत. माझे सासरे, म्हणजे माझे सख्खे मामा, म्हणतात की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात प्रत्येक नवजात बाळाची तपासणी मोफत होतेच, मग हा जादा खर्च कशासाठी? गावातील आशाताईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, “बाळ आम्ही बघतोच, पण रक्त काही आम्ही घेत नाही.” या दोन्ही तपासण्या एकच आहेत की वेगळ्या, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सिस्टर_मिरज

दोन्ही वेगळ्या आहेत, आणि आपल्या आशाताईंनी अगदी अचूक सांगितले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथे सुरू झाला. जन्मजात दोष, कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील 30 अवस्था त्यात पाहिल्या जातात. जन्मल्यावर बाळाला डोक्यापासून पायापर्यंत तपासतात. दुभंगलेला ओठ किंवा टाळू, वाकडे पाऊल, पाठीच्या कण्यातील दोष, मोतीबिंदू, हृदयाचे दोष यांचा शोध त्यात घेतला जातो. त्यानंतर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. मात्र जन्मजात थायरॉईडची कमतरता आणि सिकलसेल व थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार यांचा समावेश त्या यादीत शेवटी ‘ऐच्छिक’ म्हणून आहे, त्यामुळे सरकारी यादीत नाव आहे म्हणून आपल्या बाळाचे रक्त तपासले जाईलच, असे गृहीत धरू नये.

टाचेची तपासणी कशी होते तेही सांगते, कारण ते पाहून आज्या घाबरतात. टाच कोमट कापडाने शेकून घेतात, टाचेच्या मध्यावर नव्हे तर कडेला टोचतात, पहिला थेंब पुसून टाकतात आणि पुढचे थेंब जाड कागदावरील गोलांत एकाच बाजूने भरतात. हा कागद तीन-चार तास आडवा ठेवून सावलीत वाळवावा लागतो. घाई करून ओलाच पाकिटात घातला, तर नमुना वाया जातो आणि बाळाला पुन्हा टोचावे लागते. नमुना शक्यतो 48 तासांनंतर घ्यावा, कारण जन्मानंतर पहिल्या दिवशी बाळाचे टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) आपोआपच वाढलेले असते आणि निरोगी बाळाचा अहवालही सदोष येऊ शकतो. थोडक्यात, पाचवी पुजण्याच्या आत हे काम उरकलेले असावे.

गलाईवाला_खानापूर

माझा अनुभव लिहितो. धाकटीच्या जन्माच्या वेळी मी गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यानिमित्त कोईमतूरला होतो. नमुना वेळेवर घेतला गेला, पण कार्डावर माझा जुना, बंद पडलेला क्रमांक लिहिला गेला आणि पत्ता सासरचा दिला गेला, बाळ-बाळंतीण मात्र माहेरी. प्रयोगशाळेचा ‘पुन्हा तपासा’ हा निरोप आमच्यापर्यंत पोहोचायला नऊ दिवस लागले. तोपर्यंत घरात सगळे तिचे कौतुकच करीत होते, कारण ती फारशी रडत नसे, दूध पिता पिता झोपून जाई, आणि माझी आई म्हणे, “पोर किती गुणाची!” कावीळ लांबली होती, पण कोवळ्या उन्हात धरले की जाते, असे सगळ्यांनी सांगितले. सांगलीत शिरेतून रक्त घेऊन थायरॉईडच्या कमतरतेचे निदान पक्के झाले आणि सोळाव्या दिवशी गोळी सुरू झाली. ती चमच्यात चुरून आईच्या दुधात कालवून देत असू. आज ती दुसरीत आहे आणि पाढे माझ्याहून वेगाने म्हणते. तरीही ते नऊ दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. तपासणी कराच, पण कार्डावर चालू असलेले दोन क्रमांक स्वतः लिहा.

बालरोग_कराड

वरील अनुभवात एक गोष्ट जोडतो. थायरॉईडची जन्मजात कमतरता बहुतांश बाळांत आनुवंशिक नसते. ग्रंथी तयारच झालेली नसते किंवा जागेवर नसते. आईचे संप्रेरक वारेतून काही प्रमाणात मिळत असल्यामुळे जन्मतः बाळ ठणठणीत दिसते, आणि लक्षणे उमटेपर्यंत मेंदूचे नुकसान होऊ लागलेले असते. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू होण्याला एवढे महत्त्व आहे.

वसनाकाठ, आपले लग्न मामेबहिणीशी झालेले असल्याने आपल्या बाबतीत इतर आजारांचाही विचार करावा. आपल्याकडे मामाची मुलगी करणे नवीन नाही आणि अशा जोडप्यांची बहुतेक मुले निरोगीच असतात; परंतु दोघांच्या आजोबांकडून एकच सदोष जनुक आलेले असण्याची शक्यता वाढते, आणि तसे असल्यास प्रत्येक गरोदरपणात चारांत एक बाळ बाधित होण्याचा धोका राहतो. मूत्रपिंडावरील अॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात विकार याच प्रकारचा आहे. त्यात मुलगा वरून अगदी निरोगी दिसतो आणि दुसऱ्या आठवड्यात शरीरातील मीठ कमी होऊन उलट्या करीत अत्यवस्थ होतो. म्हणून साडेचार हजारांत नेमके कोणते आजार तपासतात, हे लेखी विचारा. थायरॉईड, अॅड्रिनल आणि जी-सिक्स-पीडी (रक्तातील तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची कमतरता) हे तीन तरी असावेत. नात्यातील लग्नात चयापचयाच्या आजारांची मोठी यादी तपासणे मला रास्त वाटते. थॅलेसेमियासाठी पत्नीचे रक्त प्रसूतीची वाट न पाहता आताच तपासून घ्या. अहवाल सदोष आला तरी तो केवळ इशारा असतो, निदान शिरेतील रक्तावरूनच होते.

एक किरकोळ वाटणारी सूचना: जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्या बाळाला डांबराच्या गोळ्यांच्या वाफेनेही तीव्र कावीळ होऊ शकते. अहवाल येईपर्यंत तरी ट्रंकेतली दुपटी तशीच बाळाला गुंडाळू नका.

वसनाकाठ

सर्वांचा आभारी आहे. पत्नीचे रक्त आज दिले. रुग्णालयाने आजारांची यादी उद्या लेखी देतो म्हटले आहे, आणि नमुना तिसऱ्या दिवशी घेण्याचे कबूल केले आहे. कार्डासाठी मामांचा आणि माझा असे दोन क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून पत्नीच्या फाइलीला टाचून ठेवले. डॉक्टरांची सूचना मामींना वाचून दाखवली, तर त्यांनी लगेच ट्रंक उपसून पत्नीच्याच लहानपणची झबली आणि दुपटी बाहेर काढली. ती धुऊन आता अंगणातल्या दोरीवर वाळत आहेत.